कॅप्टन कामगार असतो का?

८ सप्टेंबर २००९, मंगळवार. मध्यरात्र उलटली तसे जेट एअरवेजचे वैमानिक आजारी पडू लागले. एक-दोन नव्हे, पहिल्याच दिवशी साडेतीनशेच्या वर. कुणाला नक्की काय होतंय हे विचारण्यात अर्थ नव्हता, कारण वैमानिकाने 'मला बरं नाही' म्हटल्यावर त्याला कॉकपिटमध्ये बसवण्याची सोय कुठल्याच कायद्यात नाही. उलट तब्येत ठीक नसताना उडणं हाच गुन्हा. सकाळपर्यंत मुंबईच्या देशांतर्गत टर्मिनलवर रद्द उड्डाणांची रांग लागली, प्रवासी काउंटरवर हुज्जत घालू लागले आणि दुसऱ्या कंपन्यांची आयत्या वेळची तिकिटं कडाडली. हे पाच दिवस चाललं.

संप म्हटलं की मुंबईला आजही आठवतो तो १९८२ चा. डॉ. दत्ता सामंत, बंद पडलेले भोंगे, अडीच लाख गिरणी कामगार. त्या चित्रात चार पट्ट्यांचा पांढरा शर्ट, टाय आणि चाकांची बॅग घेतलेला माणूस बसत नाही. म्हणूनच २००९ च्या त्या आठवड्यात लोकलमधल्या, कट्ट्यावरच्या माणसाचं मत झटकन ठरलं: लाखांत पगार घेतात आणि वर संप करतात, माजलेत.

मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते याच मतामुळे. त्या संपाच्या मुख्य मागण्यांत पगारवाढ नव्हतीच. काढलेल्या सहकाऱ्यांना परत घ्या आणि आमच्या युनियनशी बोला, एवढंच मागणं होतं. पगार घसघशीत असलेल्या माणसाला युनियन कशाला लागते, याचं उत्तर शोधायला याहून चांगलं प्रकरण मला माहीत नाही.

जरा मागे जाऊ. नरेश गोयल यांची जेट १९९३ च्या मे महिन्यात उडायला लागली. सरकारी इंडियन एअरलाइन्सला कंटाळलेल्या प्रवाशांनी तिला डोक्यावर घेतलं. २००७ मध्ये जेटने १४५० कोटी रुपयांना एअर सहारा विकत घेतली. २००८ च्या जुलैमध्ये कच्चं तेल पिंपामागे १४७ डॉलरवर गेलं, सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या बँका कोसळल्या, आणि विमानात बसणारा माणूस घरी बसला. ऑक्टोबरच्या मध्यावर जेटने एका झटक्यात सुमारे १९०० कर्मचाऱ्यांना घरी पाठवायचं ठरवलं. त्यात केबिन क्रूचा भरणा मोठा. गणवेशातली ती मुलं-मुली रडत रडत राज ठाकरेंकडे गेली, जेटचं विमान मुंबईतून उडू देणार नाही असा इशारा तिथून आला, दिल्लीतूनही फोन फिरले, आणि दोन दिवसांत गोयल यांनी सगळ्यांना परत घेतलं.

नोकऱ्या वाचल्या याचा आनंद सगळ्यांना झाला. पण कॉकपिटमध्ये बसणाऱ्यांनी त्यातून वेगळंच काहीतरी टिपलं असणार. त्या क्रूकडे स्वतःची संघटना नव्हती, म्हणून त्यांना एका पक्षाच्या दारात जावं लागलं. पक्षाची मर्जी होती, निवडणुका जवळ होत्या, म्हणून काम झालं. पुढच्या वेळी मर्जी नसली तर? शिवाय नंतरच्या महिन्यांत काटकसर सुरूच होती, आणि आमच्याहून जास्त पगारावर विदेशी वैमानिक ठेवले जातात ही भारतीय वैमानिकांची जुनी तक्रार पुन्हा वर आली.

आता पगाराबद्दल. बाहेरच्या माणसाला महिन्याचा एक गोल आकडा दिसतो. आतून तो तसा नसतो. मूळ पगार, भत्ते, आणि सगळ्यात मोठा तुकडा उड्डाण भत्त्याचा. हा भत्ता तासावर. तास मोजायचा तो विमान बेवरून, म्हणजे उभं राहण्याच्या जागेवरून, हललं की सुरू होतो आणि पुढच्या बेवर थांबलं की संपतो. जुलैच्या धुवांधार पावसात विमानाची दारं लावून, प्रवासी भरून, बेवर तासभर परवानगीची वाट बघणारा कॅप्टन कामावर असतो, पण त्याचा पैशाचा तास सुरू झालेला नसतो. आकाशात घिरट्या घालायला लागल्या तर मात्र चालू. म्हणजे दमणं सारखंच, मोबदला वेगळा.

याला तोल म्हणून कंपन्या किमान तासांची हमी देतात. महिन्याला ७० तासांची हमी असली, तर तुम्ही ५० तास उडलात तरी पैसे ७० चेच. सोयीसाठी तासाचा दर ५००० रुपये धरू. ७० तासांची हमी म्हणजे साडेतीन लाख. हीच हमी ४० तासांवर आणली तर दोन लाख. दर तोच, कागदावर एक पैशाचीही कपात नाही, आणि तरी वाईट महिन्यात दीड लाख गेले. वाईट महिना कधी येतो? विमान हँगरमध्ये अडकलं, प्रशिक्षण लागलं, मागणी पडली, किंवा रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, लावणाऱ्याने तुमच्याऐवजी दुसऱ्याचं नाव टाकलं तर. त्यातलं एकही कारण वैमानिकाच्या हातातलं नाही. त्यामुळे दोन वैमानिक पगाराबद्दल बोलतात तेव्हा दराइतकाच 'हमी किती' हा प्रश्न चालतो. (२०२४ च्या एप्रिलमध्ये विस्तारा या विमान कंपनीची उड्डाणं ढेपाळली ती नेमकी याच आकड्यावर, ७० चे ४० झाल्यावर. तिथेही आजारपणाची साथ आली.)

मग नोकरी का सोडत नाहीत? आयटीतला माणूस पगार पटला नाही तर तीस टक्के वाढीवर दुसरीकडे जातो. वैमानिकाचं तसं नसतं, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली इथेच आहे. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण, त्याचा खर्च बहुतेक घरांत कर्ज काढून. मग टाइप रेटिंग, म्हणजे विशिष्ट प्रकारचं विमान चालवण्याची पात्रता, त्याचे आणखी लाखो रुपये किंवा कंपनीचा बाँड. बोइंग ७३७ वर तयार झालेला माणूस उद्या उठून एअरबस ए-३२० चालवू शकत नाही. दर वर्षी डॉक्टरांसमोर उभं राहायचं; कानात, हृदयात, साखरेत काही निघालं की परवाना टांगणीला. आणि सगळ्यावर कळस म्हणजे सिनिऑरिटी. कॅप्टन कधी होणार, चांगली सेक्टर म्हणजे मार्ग कुणाला, दिवाळीत सुटी कुणाला, हे सगळं कंपनीत आल्याच्या तारखेवरून ठरतं. दुसऱ्या कंपनीत गेलात की ती तारीख पुसली जाते आणि तुम्ही यादीच्या तळाशी. वर सोडायची नोटीसही लांबलचक. २०१७ पासून तर कमांडरला, म्हणजे कॅप्टनला, वर्षभराची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची.

थोडक्यात, पगार मोठा पण दार जड. ज्याला सहज बाहेर पडता येत नाही त्याच्या 'मी सोडून जाईन' या धमकीला वजन नसतं. उरतो एकच मार्ग: आतच राहून एकत्र बोलायचं.

तरी सगळे उड्या मारत युनियनमध्ये गेले असं समजू नये. अशा वेळी कॉकपिटमध्ये डाव्या आणि उजव्या खुर्चीचा हिशोब वेगळा असतो. उजवीकडे बसलेला सहवैमानिक कर्जाचे हप्ते फेडत असतो आणि कमांडच्या, म्हणजे कॅप्टन होण्याच्या, परीक्षेची वाट बघत असतो. त्याचा अहवाल लिहिणारे प्रशिक्षक बहुधा व्यवस्थापनाच्या जवळचे. नाव युनियनच्या यादीत दिसलं तर कमांड सहा महिने पुढे जाईल ही भीती त्याला कुणी बोलून दाखवावी लागत नाही. डावीकडचा, वीस वर्षं नोकरी झालेला कमांडर म्हणतो, मला काय करायचंय, निवृत्तीला आठ वर्षं राहिली. आणि दोघांनाही एक गोष्ट आतून खटकते: युनियन म्हणजे आपण कामगार. घरी आईने 'आमचा कॅप्टन' म्हणून मिरवलेला मुलगा स्वतःला कामगार कसा म्हणणार?

पण कायद्याला त्याच शब्दाशी घेणं आहे. जेटच्या वैमानिकांचं कल्याणकारी स्वरूपाचं मंडळ आधीपासून होतं. मंडळ सहली काढतं, विमा काढतं, निवेदनं देतं. ते वाटाघाटीला बसू शकत नाही आणि संपाची नोटीस देऊ शकत नाही. त्यासाठी तेव्हा १९२६ च्या ट्रेड युनियन्स कायद्याखाली नोंदणी लागे. २००९ च्या जुलैअखेरीस 'नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड' या नावाने ती झाली. आणि काही दिवसांतच गिल्डच्या दोन पदाधिकाऱ्यांना कंपनीने काढून टाकलं. युनियन काढल्याची ही शिक्षा, असं गिल्डचं म्हणणं. कंपनीला ते मान्य नव्हतं. मला विचाराल तर तारखांचा क्रमच पुरेसा बोलका आहे.

इथे कायद्याची एक गंमत सांगितली पाहिजे. महाराष्ट्रात 'मान्यताप्राप्त युनियन' हा शब्द कारखान्यातल्या माणसाच्या तोंडी असे, कारण राज्याच्या १९७१ च्या कायद्याने तीस टक्के सदस्य असलेल्या युनियनला कोर्टाकडून मान्यता मिळवता येई आणि मग मालकाला तिच्याशीच बोलावं लागे. पण विमान वाहतूक ही केंद्राच्या अखत्यारीतली. अंधेरीत बसलेल्या जेटला तो कायदा लागू नव्हता. केंद्राच्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात (तो २०२५ मध्ये रद्द झाला) संप, नोटीस, समेट सगळं होतं. मान्यतेची अशी सक्ती नव्हती. म्हणजे साकीनाक्यातल्या कारखान्याच्या युनियनला जे कायद्याने मिळत होतं ते पलीकडच्या रस्त्यावरच्या वैमानिकांना भांडून मिळवायचं होतं.

त्याच कायद्यातली दुसरी अडचण अधिक धारदार. प्रवासी विमानसेवा ही त्यात लोकोपयोगी सेवा होती. तिथे संपाआधी १४ दिवसांची नोटीस हवी असे. नोटीस दिली की केंद्राच्या कामगार आयुक्तांकडे समेटाची बोलणी सुरू होतात, आणि बोलणी चालू असताना व संपल्यावर सात दिवस संप बेकायदा. आयुक्तांनी तारीख पुढे ढकलली की संपही पुढे. कायदेशीर संपाचं दार उघडं दिसतं, पण जवळ गेलं की ते सरकत राहतं. गिल्डने ऑगस्टमध्ये नोटीस दिली, ७ सप्टेंबरची तारीख लावली, बोलणी सुरू झाली. संप अधिकृतपणे झालाच नाही. वैमानिक आजारी पडले.

यात चलाखी होती हे उघड आहे, आणि ती कुणाला फसवणारी नव्हती. कायद्यातली संपाची व्याख्याच अशी आहे की संगनमताने काम थांबवलं की तो संप, नाव काहीही द्या. मुंबई उच्च न्यायालयाने संपाला मनाई केली, अवमानाची नोटीसही निघाली. कंपनीने आणखी काही वैमानिकांना काढलं. पण न्यायालय संप थांबवू शकतं, ताप नाही. चारशे जणांना एकेकाला तपासून 'हा ठणठणीत आहे' असं लिहून देणारे डॉक्टर कुठून आणणार? आणि समजा आणले, तरी वैमानिक म्हणाला 'मला उडण्याइतकं बरं वाटत नाही', तर दीडशे प्रवासी मागे बसवून त्याला आकाशात पाठवायची हिंमत कोण करणार?

मला इथे वैमानिकांची बाजू पूर्ण घेता येत नाही. आजारपण हे विमान सुरक्षेतलं पवित्र वाक्य आहे. दमलेला, तापलेला वैमानिक निर्धास्तपणे फोन करून 'नाही जमणार' म्हणू शकतो यावर आपले सगळ्यांचे जीव आहेत. त्या वाक्याचा हत्यार म्हणून वापर झाला की पुढे खरोखर आजारी असलेल्याकडेही संशयाने पाहिलं जातं, प्रमाणपत्रं मागितली जातात. पण सरळ मार्ग कायद्यानेच इतका निसरडा करून ठेवला असेल तर लोक आडवाट धरणार, हेही खरं.

त्या वेळी नागरी विमान वाहतूक खात्याचे मंत्री गोंदियाचे प्रफुल्ल पटेल होते. सरकारने संपाला बेकायदा म्हटलं, इतर कंपन्यांना भाडी आवरायला सांगितलं. कंपनीचं आधीच्या आर्थिक वर्षातलं नुकसान ४०० कोटींच्या वर होतं आणि रोजचं उत्पन्न बुडत होतं. १२ सप्टेंबरच्या रात्री मुंबईत तडजोड झाली. काढलेल्यांना परत घ्यायचं, वैमानिकांनी कामावर यायचं, आणि दोन्ही बाजूंचे लोक असलेला एक सल्लागार गट नेमायचा.

हा सल्लागार गट नीट पाहण्यासारखा आहे. कंपनी युनियनला मान्यता दिली म्हणायला तयार नव्हती, गिल्ड युनियन विसर्जित करायला तयार नव्हती. मग मधला शब्द सापडला. टेबल तेच, खुर्च्या त्याच, पाटी वेगळी. दोघांनीही आपापल्या माणसांना जिंकलो असं सांगितलं. आपल्याकडच्या बहुतेक तडजोडी अशाच होतात आणि चालतातही. गिल्ड टिकली. पुढच्या दहा वर्षांत पगार, रोस्टर, विदेशी वैमानिक यांवर ती बोलत राहिली.

मग २०१८ आलं. तेल महाग, रुपया पडलेला, भाडी स्पर्धेने खाली. ऑगस्टच्या सुमारास कंपनीने पगारात २५ टक्क्यांपर्यंत कपात सुचवली, वैमानिक नाही म्हणाले, कंपनीने प्रस्ताव मागे घेतला. हा गिल्डचा शेवटचा विजय. कपात टळली आणि पगारच उशिरा यायला लागला, आधी हप्त्यांत, मग येईनासा. २०१९ च्या मार्चमध्ये डिसेंबरचा पगार हातात पडला. गिल्डने १ एप्रिलपासून उडणार नाही असं जाहीर केलं. तेव्हा तिचे सुमारे ११०० सदस्य होते. गोयल २५ मार्चला संचालक मंडळातून बाहेर पडले, कंपनी स्टेट बँकेच्या नेतृत्वाखालच्या बँकांकडे गेली. १ एप्रिल १५ एप्रिलवर गेला. १५ एप्रिलही पुढे गेला.

टाकलेली तारीख दोनदा मागे घेतली म्हणून गिल्डवर तेव्हा टीका झाली. ती मला उथळ वाटते. २००९ मध्ये उड्डाण थांबवलं की मालकाचं नुकसान होत होतं. २०१९ मध्ये मालक उरला नव्हता आणि विमानं भाड्याचे पैसे थकल्याने आपोआपच जमिनीवर येत होती. थांबवायला काही शिल्लकच नसताना संपाची धमकी कुणाला द्यायची? म्हणून त्या एप्रिलमध्ये एक विलक्षण दृश्य दिसलं: तीन महिन्यांहून जास्त पगार नसलेले कॅप्टन अंधेरीच्या मुख्यालयाबाहेर जमले, आणि त्यांचं मागणं होतं की बँकेने कंपनीला १५०० कोटी द्यावेत, २०,००० नोकऱ्या वाचवाव्यात. युनियन मालकासाठी कर्ज मागत होती.

बँकांनी तातडीचे ४०० कोटीही दिले नाहीत. १७ एप्रिलच्या रात्री अमृतसरहून मुंबईला येणारं विमान शेवटचं ठरलं.

त्यानंतर सिनिऑरिटीच्या यादीचं काय झालं हे सांगायला नको. बोइंगवाले जिथे बोइंग होती तिथे गेले, बऱ्याच जणांनी कमी पगार स्वीकारला. वीस वर्षांची तारीख पुसून नव्या यादीत तळाशी नाव लागलं. बाजारात एकाच दिवशी शेकडो वैमानिक आले की दर कोण ठरवणार हे उघडच होतं.

कंपनी जून २०१९ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. नवा खरेदीदार सापडला, योजना मंजूर झाली, पण ती अमलात आली नाही, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेट अवसायनात काढायचा, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी गुंडाळायचा, आदेश दिला. मधल्या काळात कर्मचाऱ्यांनी भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीसाठी लढून निकाल मिळवला. तो पैसा कंपनीच्या मालमत्तेत धरता येत नाही. थकलेला पगार मात्र रांगेत. आणि त्या रांगेत पुन्हा तोच २००९ चा शब्द उभा आहे. दिवाळखोरी कायद्यात कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने येते. कामगार नसलेल्या कर्मचाऱ्यांचा पगार त्याखाली, आणि तोही १२ महिन्यांचाच. कामगार कोण, याची व्याख्या उचलली आहे ती १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातून. कुशल किंवा तांत्रिक काम करणारा असेल तर तो कामगार, पगार कितीही असो. देखरेख करणारा असेल तर पगाराची मर्यादा आडवी येते. कॅप्टन विमान चालवतो म्हणून तंत्रज्ञ, की सहवैमानिक आणि क्रूवर हुकूम चालवतो म्हणून साहेब? दिल्ली उच्च न्यायालयाने २०२४ च्या अखेरीस दुसऱ्या एका कंपनीच्या वैमानिकांच्या प्रकरणात तो कामगारच असं म्हटलं.

दाव्याच्या अर्जावर हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी छापलेले असतात, कामगार किंवा कर्मचारी. २४ महिने मागे मोजायचे ते अवसायनाच्या तारखेपासून. जेटचं शेवटचं विमान एप्रिल २०१९ मध्ये उतरलं, आदेश नोव्हेंबर २०२४ चा. मध्ये ६७ महिने गेले आहेत.